कागद ओला असेपर्यंत

वर्लिन टोस्ट्रुडने आमच्या गावच्या पोस्टात चौतीस वर्षं शिक्के मारले, आणि त्यातला एकही तिरका पडला नाही, असं गावात मानतात. तपासून कोणी पाहिलेलं नाही. पण मिनेसोटाच्या उत्तरेला, जिथे पाच महिने तळं गोठलेलं असतं आणि उरलेल्या सात महिन्यांत त्याबद्दल बोललं जातं, तिथे एखाद्या माणसाविषयी असं मत एकदा झालं की ते बदलायला कोणी जात नाही.

काउंटरमागे तो उभा असला की आधी हात दिसे आणि मग माणूस. डाव्या हाताने पाकीट सरकवायचं, उजव्याने ठप्. मिनिटाला तीस. तारीख स्पष्ट, गावाचं नाव स्पष्ट, वर्तुळ पूर्ण. बोलण्यासाठी त्याच्याकडे तीन वाक्यं होती: "द्रव पदार्थ आहे?", "आणखी काही?" आणि "बरं मग." एवढ्या भांडवलावर त्याने नोकरी निभावली, लग्न केलं, एक मुलगी वाढवली, आणि त्याला शिष्ट कोणी म्हटलं नाही. नॉर्वेहून आलेल्यांच्या नातवंडांत हे बडबडीतच मोजतात.

लग्नाची हकीकत अशी. आर्डिस तेव्हा शाळेच्या ग्रंथालयात होती आणि दर शनिवारी एक-दोन पाकिटं घेऊन पोस्टात यायची. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "हे शिक्क्याच्या मशीनमध्ये घालू नका. आतलं कार्ड हाताने केलंय, चुरगळतं." वर्लिनने मशीन बाजूला ठेवून हाताने शिक्का मारला. अकरा महिने मारला. बाराव्या महिन्यात एका पाकिटावर त्याचंच नाव होतं. त्याने ते घेतलं, शिक्का मारला, टपालाच्या खणात टाकलं, दुसऱ्या दिवशी वाटपात ते त्याच्या घरी आलं, आणि संध्याकाळी कामावरून गेल्यावर त्याने ते उघडलं. आर्डिस सांगायची, "दोन फुटांवर उभी होते मी. समोर. उत्तरासाठी तीन दिवस थांबवलं या माणसाने."

"टपालाचा नियम आहे," वर्लिन म्हणायचा.

पुढे तो निवृत्त होईपर्यंत आमच्या गावात जे कार्ड घरोघरी जाई त्याच्या आत तिचा शिक्का असे आणि बाहेर त्याचा.

आता तिच्या शिक्क्याबद्दल. लाकडाच्या ठोकळ्यावर डकवलेलं रबर, आडव्या धरलेल्या खेळातल्या पत्त्याएवढं, त्यावर लव्हाळ्याच्या पाच काड्या. बाजारात असे शिक्के पोत्याने मिळतात. शाई एकच, काळी. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी कार्डं करायला बसणाऱ्या आमच्या मंडळींकडे शिक्क्यांचे तीन कपाटं भरून डबे आहेत, शाईच्या साठ पेट्या आहेत, सोनेरी भुकटी आहे, रिबिनी आहेत. आर्डिसकडे लव्हाळं होतं आणि पाणी होतं.

ती जाड, खरबरीत कागद आधी भिजवायची. रुंद ब्रशने, दोन्ही बाजूंनी, तो पाटावर चिकटून बसेपर्यंत. मग थांबायची. मग त्या ओल्या कागदावर शिक्का टेकवायची आणि उचलायची. आणि जे व्हायचं ते मी पन्नासदा तरी पाहिलं असेल, पण एकदाही मला ते पाहताना दुसरं काही करता आलेलं नाही. काळी शाई ओल्या कागदावर काळी राहत नाही. ती सुटते. काड्यांच्या कडेने आधी निळं बाहेर येतं, मग जांभळं, आणि सगळ्यात शेवटी, अगदी टोकाला, एक गुलाबी, जे त्या पेटीत कुठे होतं हे देवाला माहीत. अर्ध्या मिनिटात तळ्यावर पहाट होते. काड्या उभ्या असतात, पण धुक्यात. एकासारखं दुसरं कधी होत नाही. इतकी वर्षं ती एकाच शिक्क्याने हजारो पहाटा काढत होती, आणि गावात असं घर नाही जिथे त्यातली एखादी खणात, पुस्तकात किंवा फ्रीजच्या दारावर नाही. बाळ झालं, खुबा बदलला, शेतातला कुत्रा मेला, आर्डिसचं कार्ड येणारच. आत दोनच ओळी, पण नेमक्या. 'डावा गुडघा आता जिना चढताना कसा आहे?' असं. नुसता गुडघा नव्हे, डावा.

गेल्या जानेवारीत ती गेली. सकाळी कॉफी ओतताना बसली ती उठली नाही. चर्चमध्ये लोक मावले नाहीत. तळघरात हॅमचे सँडविच संपले, हे आमच्याकडे पूर्वी एकदाच घडलं होतं आणि तेव्हा वादळामुळे पाव आला नव्हता. पुढचा आठवडाभर वर्लिनच्या पायरीवर हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची, भांडी येत राहिली, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. कोणी काय आणलं, कोणी फुलं पाठवली, याची यादी लव्हॉन स्कारने ठेवली. लव्हॉन म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई आणि आमच्या मंगळवारच्या टेबलाच्या अलिखित अध्यक्ष. यादीत चौऱ्याण्णव नावं झाली, इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली. इथल्या रिवाजाप्रमाणे त्या चौऱ्याण्णवांना घरच्या माणसाने आभाराचं कार्ड पाठवायचं असतं.

ॲरिझोनाहून मुलीचा, कर्स्टनचा, फोन आला. "डॅड, छापून मागव. आईचा फोटो टाकून देतात, दोन दिवसांत घरपोच येतात."

"नको."

"मग काय करणार आहेस तू?"

"बघतो," वर्लिन म्हणाला आणि मंगळवारी सकाळी नऊला, बायकोची पेटी काखेत घेऊन, तळघराच्या जिन्यावरून खाली आला.

त्याने आर्डिसच्या खुर्चीशेजारची खुर्ची घेतली, तिची नाही, आणि पेटी उघडली. लव्हाळ्याचा शिक्का. ब्रश. पाट. आणि कार्डांच्या मापात कापून ठेवलेला कागद, एकशेवीस तुकडे. डिसेंबरातच कापले होते तिने.

"गावाला तिचं शेवटचं कार्ड जायचंय," तो म्हणाला. "ते तिच्यासारखं असलं पाहिजे."

हे त्याच्या हिशेबाने भाषण होतं. लव्हॉनने चष्मा पुसला.

"वर्लिन, तू कधी केलंयस हे?"

"शिक्के मारलेत मी."



पेटीतली आर्डिसची शाई सुकली होती, म्हणून त्याने स्वतःची आणली होती: पोस्टातून निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेली शाईची गादी, चांगल्या स्थितीत. कागद भिजवला, आणि ठप्. टेबलावरच्या सगळ्या कात्र्या वाजल्या. शिक्का उचलला तर पाच काड्या, काळ्याभोर, कडा सुरीने कापल्यासारख्या. ओल्या कागदावरही शाई एक केसभर सरकली नाही. सरकणार कशी? पाऊस पडो, बर्फ पडो, तारीख पुसू नये म्हणूनच ती शाई बनवतात.

"सुंदर," मर्ना झिमर म्हणाली. मर्ना आमच्यातली बोलकी. "आभाराचं कार्ड आहे की पोचपावती?"

तीन कागद गेले तेव्हा लव्हॉनने त्या साठ पेट्यांतून पाण्यात विरघळणारी काळी शाई काढून त्याच्यापुढे ठेवली. आता शाई सरकली. फारच सरकली. कागदावर पाणी चमकत असतानाच वर्लिनचा हात खाली आला होता, आणि काड्यांचं एक काळपट डबकं होऊन पाटावरून ओघळलं.

"थांबायचं असतं," लव्हॉन म्हणाली.

"किती?"

"पाण्याची चमक जाईपर्यंत. कागद ओला हवा, पण चकाकता नको. अंड्याच्या कवचासारखा दिसला पाहिजे. आधी टेकवलास तर डबकं. नंतर टेकवलास तर पोचपावती."

तो थांबला. म्हणजे त्याने प्रयत्न केला. पण चौतीस वर्षं तो हात मिनिटाला तीसच्या चालीने चालला होता, आणि रिकामा ओला कागद समोर दिसला की मालकाला न विचारता खाली येत होता. आणखी सात कागद गेले.

"अरे धर त्याला कोणीतरी," मर्ना म्हणाली.

"डल्यूथला मिळतो हाच कागद," लव्हॉन म्हणाली. "मी शुक्रवारी जाणारच आहे, आणते."

"तिने कापलेला नाही तो," वर्लिन म्हणाला.

म्हणजे एकशेवीसच, आणि त्यातले अकरा गेलेले.

पुढच्या मंगळवारी तो स्टॉपवॉच घेऊन आला. बेचाळीस सेकंद, असं त्याने घरी वर्तमानपत्राच्या कागदावर ठरवलं होतं, कसं ते विचारू नये. आश्चर्य म्हणजे जमलं. सहा कार्डं ओळीने उतरली, धुकं आलं, गुलाबी आलं. त्याने ती सहा पाकिटात घातली आणि घड्याळाची फीत गुंडाळून ठेवली, काम संपल्यासारखी. पण त्याच्या पुढच्या मंगळवारी बाहेर उणे एकोणतीस होतं आणि तळघराचा हीटर सकाळपासून धापा टाकत होता. हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना ठिणग्या दिसत. बेचाळीस सेकंदांनी कागद केव्हाच कवच ओलांडून पुढे गेला होता. नऊ पोचपावत्या झाल्या. त्यानेही चिवटपणे नऊ होऊ दिल्या, कारण घड्याळ बरोबर होतं.

लव्हॉनने हिशेब सांगितला, तिला न सांगता राहवत नाही. उरलेले तुकडे चौऱ्याण्णव. करायची कार्डं अठ्ठ्याऐंशी.

वर्लिन शिक्का पुसत बसला. पाच काड्यांच्या फटीफटीतून, कापडाच्या टोकाने. तो पुसून झाला तरी पुसत होता. मग तो पेटीचं झाकण लावणार असं दिसायला लागलं, आणि ते झाकण एकदा लागलं की कर्स्टनची फोटोवाली कार्डं दोन दिवसांत येणार होती, हे टेबलावर प्रत्येकाला कळत होतं. अशा वेळी आमच्याकडे कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही. कॉफी ओततात. कॉफी ओतली.

"एक सांगू का," मर्ना म्हणाली, शांतता तिला सोसत नाही म्हणून, "देव तिला सुखात ठेवो, पण आर्डिसने माझं पित्ताशय मला कधी पुरं सांगू दिलं नाही. इतकं प्रेमाने विचारायची, 'मर्ना, पोटाचं काय म्हणतंय?' मान खाली घालून ऐकायची. मी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचले की म्हणायची 'हो का गं', आणि संपलं! पुढच्या बाईकडे."

"माझा खुबाही अर्धाच राहिलाय," लव्हॉन म्हणाली. मग ती थांबली. हातातला कप तिने खाली ठेवला. "मर्ना, 'हो का गं' म्हणताना तिच्या हातात काय असायचं?"

"काय असणार? शिक्का."

"आणि मान खाली कशासाठी?"

मर्नाने तोंड उघडलं आणि आम्ही ओळखतो तेव्हापासून प्रथमच त्यातून काही बाहेर आलं नाही.

टेबलाभोवती एकेकीच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. तीस वर्षं आर्डिस कागद भिजवायची आणि ब्रश ठेवता ठेवता कोणाला तरी प्रश्न विचारायची. कागदाकडे पाहत ऐकायची. चमक गेली की शिक्का टेकवायची. म्हणजे आमची दुखणी, सुनांच्या तक्रारी, विहिरीच्या पंपाचे घोळ, हे सगळं एका बाईने हात रोखून धरायला वापरलं होतं.

"मला वाटायचं तिला माझ्या खुब्यात रस आहे," लव्हॉन म्हणाली.

"होताच की," मर्ना म्हणाली. "कार्ड आलं ना तुला? त्यात काय लिहिलं होतं?"

लव्हॉनला आठवलं. आम्हा सगळ्यांनाच आठवलं. डावा गुडघा. पंपाचा वॉशर. सुनेचं नाव, बरोबर स्पेलिंगसकट. जे अर्धवट तोडलं असं वाटलं होतं ते सगळं शब्दन् शब्द आठ दिवसांत घरी पोचलेलं होतं. कागद सुकायची वाट पाहताना तिने ऐकलं, की ऐकायला मिळावं म्हणून कागद भिजवला, हे आता विचारणार कोणाला? मी इतकी वर्षं त्या टेबलाशी लिफाफे दुमडत बसलोय, आणि अशी कारागिरी माझ्या नाकासमोर चालली होती ती मला भिडस्तपणा वाटत होती.

वर्लिन सगळं ऐकत होता. त्याने झाकण बाजूला ठेवलं. एक कागद घेतला, भिजवला, पाटावर बसवला. ब्रश खाली ठेवला. मर्नाकडे पाहिलं. प्रश्न विचारायचा होता, आणि प्रश्न त्याच्याकडे दोनच होते.

"आणखी काही?" तो म्हणाला.

तळघर हसलं. जिन्यावरून पास्टर डोकावून गेले.

"आणखी काही!" मर्ना डोळे पुसत म्हणाली. "बरं झालं विचारलंस. ऑपरेशनच्या टेबलापाशी होते मी. तर तो डॉक्टर, पोरगेला, दाढीसुद्धा धड नाही, मला म्हणतो..."

वर्लिनने मान खाली घातली. हात ठोकळ्यावर होता, पण हाताचं लक्ष डॉक्टरकडे गेलं होतं. भूल दिली गेली. कागदाच्या कडेची चमक आत सरकायला लागली. पित्ताशयात बावीस खडे निघाले, मर्नाने ते बरणीत मागून घेतले. चमक मधोमध एका नाण्याएवढी राहिली आणि विझली. आणि वर्लिन टोस्ट्रुडने, ज्याच्या शिक्क्याने चौतीस वर्षं काउंटरच्या काचा हलल्या, लव्हाळ्याचा शिक्का असा टेकवला की आवाज झाला नाही.

उचलला.

काड्या उभ्या होत्या. त्यांच्या कडेने निळं निघालं. आम्ही सगळे केव्हा उभे राहिलो ते कोणालाच कळलं नाही. निळ्यातून जांभळं, आणि ते वर चढत गेलं, एक काडी दुसरीच्या मागे गेली, दोघींच्या मधे पाणी दिसायला लागलं. पाणी कोणी काढलं नव्हतं. मग ते गुलाबी आलं, अगदी सावकाश, जणू त्याला कोणी बोलावलं नव्हतं पण दार उघडं दिसलं. हीटरसुद्धा त्या वेळी गप्प होता.

"हो का," वर्लिन म्हणाला. मग तो लव्हॉनकडे वळला. "खुबा कसा आहे?"

पुढचे पाच मंगळवार असे गेले. ज्याला गावात कोणी कधी काही सांगितलं नव्हतं त्याला आता सगळं ठाऊक झालं. कोणाच्या तळघरात पाणी येतं, कोणाचा मुलगा गिटार शिकायला कॉलेज सोडतोय. प्रश्न आधी पोस्टातल्यासारखेच होते. "वजन किती?" असं त्याने पास्टरांच्या बायकोला तिच्या नवजात नातवाबद्दल विचारलं, ते खपलं. पण हळूहळू बरे व्हायला लागले. कार्डांच्या आत तो दोन ओळी लिहायचा, पोस्टाच्या मोठ्या अक्षरांत. एकाच वाक्याने सुरुवात: 'आर्डिसच्या वतीने.' मग ज्याने जे सांगितलं होतं त्यातलं एखादं. सहा कागद वाटेत बिघडले. दोन वेळा हसू आलं म्हणून, चार वेळा हात जुन्या चालीवर गेला म्हणून.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी यादीत एकच नाव राहिलं आणि एकच तुकडा. नाव शेवटचं, वर्णक्रमाने: झिमर.

मंडळी वेळेवर जमली, रिबिनी कोणी हातात घेतल्या नाहीत. मर्ना त्याच्या शेजारी येऊन बसली. "माझंच कार्ड, आणि मीच बोलायचं," ती म्हणाली. "हे तर सरळसरळ फायदा घेणं झालं."

वर्लिनने कागद भिजवला. इतक्या आठवड्यांत ब्रश त्याच्या हातात मऊ झाला होता. त्याने तो ठेवला, मान खाली घातली आणि विचारलं, "ओडेल कसा आहे?"

ओडेल म्हणजे मर्नाचा नवरा. साधा प्रश्न होता. ओडेल कसा आहे याचं उत्तर 'ओडेलसारखाच' असं ती कायम द्यायची, आणि मग स्वतःवर यायची.



"गाडीच्या किल्ल्या फ्रीझरमध्ये सापडल्या," ती म्हणाली. "रविवारी. मटाराच्या पिशवीखाली."

"आम्ही सगळेच करतो गं तसं," लव्हॉन म्हणाली.

"त्याआधी चूल चालू ठेवून मासे पकडायला गेला. त्याआधी मला..." तिने टेबलावरची एक रिबीन घेतली आणि बोटाला गुंडाळली. "मला विचारलं, तू घरी केव्हा जाणार."

कागदाची चमक कडेपासून आत यायला लागली होती. आम्हाला सगळ्यांना ती दिसत होती. आता आम्ही सगळेच ते पाहायला शिकलो होतो. आत, आणखी आत. नाण्याएवढी झाली. विझली. कागद अंड्याच्या कवचासारखा झाला, अगदी तोच क्षण, आणि ठोकळा वर्लिनच्या बोटांत होता, शाई लावलेला. लव्हॉनचा श्वास ऐकू आला.

त्याचा हात खाली आला नाही.

"मुलांना सांगितलं नाही मी अजून," मर्ना म्हणत होती. "कोणालाच नाही. दिवसभर बोलत असते मी, तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे..." तिची नजर पाटावर गेली. कागद पांढरा पडत चालला होता, कोरडा, एक कोपरा वर उचललेला. "अरे देवा. वर्लिन! शेवटचा होता तो. तुझा कागद वाळला!"

वर्लिनने ठोकळा उताणा ठेवला. ब्रश उचलला. कागदाला एकदा भिजवल्यावर पुन्हा ब्रश लावायचा नाही, त्याचा पोत उसवतो, हा लव्हॉनचा नियम. तो मोडणाऱ्याला तिने एकदा टेबलावरून उठवलं होतं. तिने पाण्याचा वाडगा दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवला.

त्याने डावीकडून उजवीकडे, सावकाश, सगळा कागद पुन्हा ओला केला. कोपरा बोटाने दाबून बसवला.

"पाणी भरपूर आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग. केव्हा लक्षात आलं तुझ्या?"